गडाला कुलूप लावण्याआधी: प्रशासनाला एका आईचं खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, आणि वन, पुरातत्त्व व पोलीस खात्यांतले ज्यांच्या सहीने गड उघडतात आणि बंद होतात ते सर्व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैतल्या एका शनिवारी सकाळी पावणेसातला आम्ही सहा मोठी आणि पाच लहान माणसं एका गडाच्या पायथ्याच्या गावात उतरलो. पाचांत सगळ्यांत धाकटी माझी मुलगी, तेव्हा साडेचार वर्षांची. तिच्या पाठीवर तिची स्वतःची सॅक होती. आत रेनकोट, राजगिऱ्याची एक वडी आणि एक भिंग. भिंग मृगाचा किडा बघायला. मृग सरून महिना होत आला होता, ते लाल मखमली किडे कधीच मातीत गडप झाले होते, पण हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

वेशीवर बॅरिकेड होतं. शेजारी एक हवालदार, अंगात रेनकोट, हातात चहाचा कागदी कप. अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, गड बंद आहे. ऑर्डर आहे." कधीपासून? "कालपासून." कधीपर्यंत? "पुढची ऑर्डर येईपर्यंत."

पावसाळी पर्यटनाला बंदी घालणारी ती ऑर्डर आदल्या रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर फिरली होती, हे नंतर कळलं. तिरका काढलेला फोटो, आणि गोल शिक्का नेमका ठिकाणांच्या यादीवर बसलेला. आमचा गड त्या शिक्क्याखाली होता.

त्या दिवशी पावसाचा थेंब नव्हता. हवामान खात्याच्या नकाशावर आमच्या भागाला हिरवा रंग होता. माझा नऊ वर्षांचा मुलगा हल्ली स्वतःच तो नकाशा बघतो. त्याने हवालदारांना तो दाखवलाही. ते हसले आणि म्हणाले, "बाळा, तुझं बरोबर आहे, पण माझी ड्यूटी आहे." त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. राग आहे तो त्या कागदावर, आणि तो दर पावसाळ्यात नव्या तारखेने निघतो म्हणून हे पत्र.

गडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर त्या एका गडावर एक पाटी लागेल आणि फाइल बंद होईल. आमच्या आजूबाजूच्या दहा गडांवर हेच चाललं आहे.

आधी माझ्याच चुकीबद्दल सांगते, म्हणजे "यांना धोका कळत नाही" असं उत्तर लिहायचे कष्ट वाचतील.

चार वर्षांपूर्वी, मुलगा पाच वर्षांचा असताना, मी त्याला घेऊन एका ओढ्यात बसले होते. पाणी जेमतेम घोट्याएवढं, स्वच्छ, तळातले खडे मोजता येतील असं. वर ऊन पडलेलं. तो कागदाच्या होड्या सोडत होता आणि मी एका सपाट दगडावर बसून फोटो काढत होते. होडी लाल पाण्यात शिरली म्हणून तो खुश झाला. मी बघितलं तर खरंच पाण्याचा रंग बदलत होता, आधी फिक्या चहासारखा, मग दाट. त्यातून काटक्या आणि पालापाचोळा यायला लागला. मला त्याचा अर्थ कळला नाही. मी त्याचाही फोटो काढला. तेवढ्यात वरच्या बांधावरून एक गुराखी ओरडला, "ओ बाई! पोरगं घ्या भाईर! आधी भाईर!" त्याच्या आवाजात असं काही होतं की मी प्रश्न न विचारता मुलाला उचललं आणि चढले. दहा मिनिटांत माझा तो सपाट दगड दिसेनासा झाला. वीस मिनिटांनी तिथे कमरेएवढं पाणी होतं आणि त्याचा आवाज इतका होता की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आमच्या डोक्यावर अजूनही ऊनच होतं.

तो गुराखी शेजारी येऊन बसला, बिडी पेटवली आणि म्हणाला, "पानी गढूळलं की बघत बसायचं न्हाई. वर पाऊस लागलाय त्यो."

तीन दशकं या डोंगरांत फिरूनही मला हे कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकात नव्हतं, ओढ्याकाठी कुठल्या पाटीवर नव्हतं.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान मुलं होती. ते दृश्य सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिलं, आणि त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं तेही मी वाचलं. त्यांना बेजबाबदार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मीही त्यांच्याच जागी उभी होते. माझ्या बांधावर एक गुराखी होता, इतकाच फरक.

म्हणजे धोका आहे, हे मला तुमच्याइतकंच मान्य आहे. माळीण आणि इर्शाळवाडीवर दरडी ज्या डोंगरांत कोसळल्या त्याच डोंगरांबद्दल आपण बोलतोय. आदेश निघू नयेत, असं माझं म्हणणं नाही. माझ्या तक्रारी आदेश कसा निघतो याबद्दल आहेत, आणि आदेशाशिवाय बाकी काहीच होत नाही याबद्दल.

पहिली तक्रार कायद्याची. हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. जुलै २०२४ आधी हेच जुनं १४४ होतं. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. दंगल उसळली, पूर आला, तर समजू शकते. पण पावसाळा दर वर्षी जूनच्या सुमारासच येतो, पंचांगात छापून येतो. ज्याची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते ती तातडी कशी? ऑक्टोबर ते मे हे आठ महिने तयारीला असतात. त्या आठ महिन्यांत काय झालं, हे विचारायचा मला करदाती म्हणून हक्क आहे असं मी समजते.

दुसरी तक्रार ही की आदेश सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. धबधब्याचा डोह, धरणाची सांडव्याची भिंत, निसरडा कातळकडा आणि चांगल्या बांधलेल्या पायऱ्यांची रुंद वाट, सगळं एका यादीत. शिवनेरीसारखी सात दरवाजांची पायऱ्यांची वाट बघा. दरवाजे मोजत मोजत मूल कधी वर पोचतं कळतही नाही. भाज्याच्या लेण्यांचा चढ ही माझ्या दोन्ही मुलांची आयुष्यातली पहिली चढाई. धाकटीने ती अडीच वर्षांची असताना केली, अर्धी माझ्या कडेवर आणि अर्धी स्वतःच्या पायांनी. मूल चढायला अशा जागी शिकतं. पहिलीतल्या मुलाला आपण बारावीचा पेपर देत नाही, मग पहिलीचं पुस्तक आणि बारावीचं पुस्तक एकाच कपाटात घालून कपाटालाच कुलूप का?

आणि कुलूप लागल्यावर काय होतं, हे त्याच शनिवारी मी पाहिलं. आम्ही परत फिरलो. आमच्या मागून आलेली कॉलेजची दहा-बारा मुलं फिरली नाहीत. त्यांनी गाड्या शाळेमागे लावल्या आणि गडाच्या पाठच्या घळीने वर निघाली. पायात सपाट तळाचे बूट, बरोबर वाटाड्या नाही. पायऱ्यांच्या वाटेवर बॅरिकेड होतं, घळीत नव्हतं. म्हणजे त्या दिवशी त्या गडावर सगळ्यांत सुरक्षित वाट तेवढी बंद होती. या मुलांना काही झालं असतं तर बंदी असूनही गेले, अशी बातमी आली असती. बंदी होती म्हणून त्या वाटेने गेले, हे कुणी लिहिलं नसतं.

त्याच रस्त्यावर दीड किलोमीटर मागे एका रिसॉर्टच्या दाराशी परतताना गाड्यांची रांग होती. आत छताच्या नळांतून पाडलेला पाऊस आणि त्याखाली नाचणारी माणसं. सकाळचे दहा वाजले होते, स्पीकर रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. मुलगी म्हणाली, "इथला पाऊस चालू आहे." यावर मी काय बोलणार?

तिसरी तक्रार माझी नाही, गावची आहे. आम्ही ज्या मावशींकडे जेवतो त्यांच्याकडेही ऑर्डर होती, चाळीस भाकऱ्यांची, तीन गटांची मिळून. तुमची ऑर्डर वरची ठरली. पहाटे चारला उठून त्यांनी पिठलं, ठेचा, भाकऱ्यांची चवड करून ठेवली होती. बाकीचे दोन गट रस्त्यातूनच परत गेले. आम्ही अकराच्या अकरा जण तिथे जेवलो, उरलेलं बांधून घेतलं, तरी वीसेक भाकऱ्या राहिल्या. मावशी तक्रारीच्या सुरात काहीच म्हणाल्या नाहीत. "चार महिन्यांत वर्षाचं तेल-मीठ निघतं बघा ताई," एवढंच. पाऊस हा या गावांचा हंगाम आहे. शहरात दुकान बंद करायचं तर आधी नोटीस येते. मावशींच्या चुलीला साडेदहाचा व्हॉट्सॲप पुरतो, आणि तोही त्यांच्या साध्या फोनवर येत नाही.

(तो दिवस वाया गेला असं मात्र नाही. मावशींच्या दिरांनी मुलांना खाचरात नेलं. भातलावणी चालू होती. गुडघाभर चिखलात पाचही जणांनी एक एक ओळ लावली, सापासारखी वाकडी. दिरांनी "वा वा" केलं आणि पोरांची पाठ वळताच सगळी रोपं उपटून सरळ लावली. भिंगाखाली मृगाच्या किड्याऐवजी पैसा किडा आला. हात लावला की तो असा वेटोळा होतो की मुलगी तासभर त्याच्यासमोरून हलली नाही. पण ही मावशींची कृपा, प्रशासनाची नव्हे.)

चौथी तक्रार शौचालयाची. ती मी सगळ्यांत आधी लिहायला हवी होती, संकोचाने मागे ठेवली. आमच्या या गडाच्या पायथ्याशी शौचालय आहे. त्यावर उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे, आणि दाराला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे, हे आजवर तीन फेऱ्यांत मला तीन वेगवेगळ्या माणसांची नावं सांगून सांगितलं गेलं. साडेचार वर्षांच्या मुलीला झुडपाआड नेता येतं. माझी बारा वर्षांची पुतणी पूर्वी आमच्याबरोबर यायची. गेल्या वर्षीपासून येत नाही. कारण तिने स्वतः कधी सांगितलं नाही, तिच्या आईने सांगितलं. ती ट्रेकच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचं थांबायची. एप्रिलच्या उन्हात असं चढणारी मुलगी चक्कर येऊन पडली तर त्याची नोंद कुठल्या खात्यात होते? मुली दहाव्या-बाराव्या वर्षी डोंगर सोडतात तेव्हा आपण म्हणतो, त्यांना आवडच नसते.

पाचवी तक्रार पाटीची. गडावर दोन प्रकारच्या पाट्या असतात. एकीवर इतिहास आणि "समुद्रसपाटीपासून उंची". समुद्रसपाटीपासून चढायला आम्ही काही अलिबागहून निघत नाही. दुसरीवर लाल अक्षरांत "सावधान! पुढे धोका आहे." कसला धोका? कडा आहे, दरड आहे, खोल टाकं आहे, माकडं आहेत की मधमाश्या? मुलांना घेऊन जाणाऱ्याला हवी असलेली माहिती अगदी साधी असते. पायऱ्या किती. लहान मुलाच्या चालीने वर जायला किती वेळ. सावली कुठे. पिण्याचं पाणी शेवटचं कुठे. कठडा कुठे तुटलाय. मोबाइलला रेंज कुठून जाते. गढूळ पाणी दिसलं तर काय करायचं.

मधमाश्यांचं तर विचारूच नका. हिवाळा सरता सरता कड्यांना आग्यामोहळं लटकायला लागतात. धूर, अत्तराचा उग्र वास, मोठा आवाज, यांतलं काहीही त्यांना उठवायला पुरतं. आम्ही एकदा अशा पोळ्याखालून पाच मुलांना तोंडावर बोट ठेवून, एका रांगेत, मांजराच्या पावलांनी नेलं. तेही वाटेत भेटलेल्या एका लाकूडवाल्या आजींनी सांगितलं म्हणून. आमच्या मागच्या गटाकडे ब्लूटूथ स्पीकर होता. आजींनी त्यांनाही हात जोडले, त्यांनी ऐकलं, सगळे वाचले. पाटी तिथेही नव्हती.

तुमच्या लक्षात आलं असेल, गुराखी, आजी, मावशी हीच आमची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा आहे. आणि कुणी दरीत पडलाच तर तुम्हीही ज्यांना फोन करता ते लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक असतात. रात्री अपरात्री, स्वतःचे दोर घेऊन, सकाळी कामावर जायचं असताना उतरतात. अपघातानंतर त्यांना बोलावता, तर आदेश काढण्याआधीही बोलवा की. कुठला गड कुठल्या पावसात किती निसरडा होतो, हे त्यांना तोंडपाठ आहे.

सहावी गोष्ट गर्दीची, आणि इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. पावसाळी रविवारी लोहगडाच्या दरवाजांत माणसं तासन्‌तास अडकून पडल्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिली आहेत. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच चिंचोळ्या पायऱ्यांवर, मधे खांद्यावर बसलेली लहान मुलं. १५ जून २०२५ ला, रविवारी, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला आणि चार जण गेले. अशा जागी माणसं मोजणारं कुणीतरी उभं असायला हवं. आणि मोजता येतात. साताऱ्याचं कास पठार बघा. फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी, गाड्या लांब उभ्या करून पुढे बस, आणि कामाला आसपासच्या गावांचीच माणसं. फुलांसाठी हे जमतं. पोरांसाठी का जमू नये?

आणखी एक हिशेब मांडते. मार्च ते मे कातळ तापलेला, अकरानंतर मुलांना वर ठेवणं बरोबर नाही. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तुमची बंदी कधी येईल नेम नाही. ऑक्टोबरात पुन्हा ऊन, मग दिवाळी. डिसेंबरात गॅदरिंगच्या तालमी, फेब्रुवारीपासून परीक्षांचा धोशा. माझ्या मुलांच्या शाळेचं कॅलेंडर घेऊन मी मोजलं, तर गडावर जाता येईल असे वर्षाला नऊ शनिवार उरले. त्यातल्या दोन शनिवारी कुणाला तरी ताप येतोच. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. अकरा आपले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. माझ्या मुलाने शाळेच्या प्रकल्पात साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळी नावं लिहिली, रंगीत पेनांनी. त्याच महिन्यात आम्ही त्या बॅरिकेडपुढे उभे होतो. शेजारी अभिनंदनाचा फ्लेक्स होता, हवालदार त्याच्याच आडोशाला चहा पीत होते.

आम्ही पालक काही धुतल्या तांदळाचे नाही. ओल्या पायऱ्यांवर स्लिपर घालून, दोन वर्षांचं मूल खांद्यावर आणि मोबाइल हातात, अशी माणसं मी दर वेळी बघते. कुरकुऱ्यांची पाकिटं माकडांपुढे धरणारे आमच्यातलेच. कठड्यावर मुलाला बसवून फोटो काढणारेही. त्यांना दंड करा, परत पाठवा, माझी पावती आधी फाडा. पण ते आणि आम्ही एकच, असं धरून चालू नका. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यांना आणि गडावर स्पीकर लावणाऱ्यांना थांबवायला नवा आदेश लागत नाही, आहेत ते कायदे पुरतात. त्यासाठी माणूस उभा करावा लागतो, आणि बंदीचा कागद स्वस्त पडतो.

आता मागण्या. कुठलीही मागणी कोटींची नाही.

१. सरसकट बंदी बंद करा. धबधब्यांचे डोह आणि धरणांचे सांडवे पावसाळाभर खुशाल बंद ठेवा, त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. पायऱ्यांच्या आणि मळलेल्या वाटांचे गड मात्र हवामान खात्याच्या इशाऱ्याशी जोडा. रेड अलर्टला बंद. ऑरेंजला पायथ्यापर्यंतच. बाकी दिवशी उघडे, आणि दुपारी ठरावीक वेळेनंतर वर सोडायचं नाही.

२. शनिवार-रविवारचा निर्णय शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत जाहीर करा. टाइप केलेला, वाचता येईल असा. शिक्का यादीवर मारू नका. पायथ्याच्या गावच्या सरपंचांना आणि पोलीस पाटलांना फोन करून सांगा. अचानक पाऊस वाढला तर सकाळीही बंद करा, ते समजू शकतो. पण निदान तसं का केलं, हे एका ओळीत लिहा.

३. प्रत्येक गडाच्या पायथ्याला एकच पाटी, मराठीत. वर लिहिलेली सगळी माहिती तिच्यावर, आणि मुलांसाठी ही वाट कशी आहे ते तीन रंगांत. हिरवी म्हणजे पाच वर्षांचं मूल चालेल. पिवळी म्हणजे दहा वर्षांच्या वरचं, तेही अनुभवी मोठ्या माणसाबरोबर. लाल म्हणजे मुलांना आणू नका. हे रंग कुणी ठरवायचे? बचाव पथकांनी आणि गावातल्या वाटाड्यांनी. कार्यालयात बसून ठरवू नका, हात जोडून विनंती.

४. शौचालयाचं कुलूप काढा. झाडलोटीचं काम गावच्या महिला बचत गटाला द्या आणि त्याचे पैसे द्या. माणशी दहा-वीस रुपये आम्ही आनंदाने भरू. आत पाणी हवं आणि दाराला कडी हवी. पुतणीला मी तसा शब्द दिला आहे.

५. गर्दीच्या गडांवर कासच्या धर्तीवर रोजची मर्यादा आणि नोंदणी. त्यात सकाळच्या पहिल्या दोन तासांतल्या काही जागा बारा वर्षांखालच्या मुलांबरोबर येणाऱ्यांसाठी राखा. मुलं लवकर चढतात आणि गर्दी यायच्या आत उतरतात, सगळ्यांचीच सोय होते. रेल्वे स्थानकापासून पायथ्यापर्यंत शनिवार-रविवारी एसटी सोडली तर रस्त्याकडेला लावलेल्या निम्म्या गाड्या कमी होतील.

६. गावातल्या मुला-मुलींना प्रथमोपचाराचं आणि वाट दाखवण्याचं प्रशिक्षण द्या, ओळखपत्र द्या, दर ठरवून द्या. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यातलं निदान इतकं पायथ्याच्या गावापर्यंत पोचू दे. पाणी गढूळलं तर काय करायचं, हे ज्या गुराख्याने मला सांगितलं, त्याला ते सांगण्याचे पैसे मिळायला हवेत.

यातल्या एखाद्या मागणीत अडचण असेल तर ती आम्हाला सांगा. आमच्या गटात दोन इंजिनिअर, एक परिचारिका, एक शाळामास्तर आणि हिशेब ठेवणारी मी आहे. पाटीचा मजकूर लिहून द्यायला, गडावर जाऊन पायऱ्या मोजून द्यायला आम्ही तयार आहोत. पायऱ्या मोजण्यात माझी मुलगी तरबेज आहे, फक्त एकोणतीसनंतर ती पुन्हा वीसवर येते.

पत्राला उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारणार आहे: गेल्या पाच वर्षांत या गडाच्या पायथ्याला सुविधांवर किती खर्च झाला, बंदीचे किती आदेश निघाले, आणि शौचालयाची किल्ली कुणाच्या ताब्यात आहे. ही धमकी समजू नये. फक्त आधी कल्पना देऊन ठेवते आहे, आम्हाला कुणी देत नाही म्हणून.

मृग आठवड्यावर आला आहे. भिंग पुसून ठेवलंय. जूनच्या तिसऱ्या शनिवारचं मावशींना सांगून ठेवलंय: अकरा माणसं, पिठलं-भाकरी, मुलांना तिखट कमी. त्या शुक्रवारी रात्री त्यांनी दळण काढायचं की नाही, हे त्यांना अंधार पडायच्या आत कळावं.

आपली विश्वासू,
दोन मुलांची आई